पायाखालचा ठोकळा

"अगे बापा! ही तं अर्ध्यातूनच बोंबलून राह्यली!" जफर मिस्त्री म्हणाला आणि पोट धरून हसला.

दारव्हा रोडवरच्या नेमसिंगच्या यार्डात दोन जुन्या क्रेन विकायला उभ्या होत्या. एक ऑल-टेरेन. सगळी चाकं वळणारी, काळ्या मातीत न रुतणारी, आत कॉम्प्युटर. दुसरी साधी ट्रक क्रेन. तिला पक्का रस्ता लागायचा, पण तिचा नट न् नट जफरच्या ओळखीचा. जफर आणि त्याचे नवे भागीदार अनंतराव सकाळपासून दोघींभोवती फिरत होते. घाटंजीकडच्या कापसाच्या जिनिंगची शेडं उभारायचं काम हाती आलं होतं आणि क्रेन आजच ठरवायची होती. चालवणार होता जफरचा थोरला, तनवीर.

परीक्षेसाठी यार्डातलंच एक लोखंडी धूड निवडलं होतं, कुठल्याशा बंद जिनिंगमधल्या गाठी दाबायच्या प्रेसचं. ते उचलून पार कंपाउंडच्या भिंतीपर्यंत न्यायचं. ऑल-टेरेननं ते अलगद उचललं. तनवीर ते लांब लांब नेऊ लागला, तशी केबिनमध्ये घंटी ठणाणू लागली आणि भिंत गाठायच्या आतच क्रेन आपणहून थांबली. पुढं जाईना.

भार क्रेनपासून जितका लांब न्यावा तितका तो तिला जड होतो, हे जफरला कोणी सांगायची गरज नव्हती. पण जुना माल घ्यायला आलेल्या माणसाला नावं ठेवल्याशिवाय चैन पडत नाही, आणि जफर एकदा चेष्टेवर आला की सख्ख्या साडूलाही सोडत नसे.

"घंटी वाजते म्हंजे काहीतरी कारण असंल ना, जफरभाई?" अनंतराव म्हणाले. ते बांधकाम खात्यातून रिटायर झालेले, प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं मानणारे.

"कारन काय, नखरे! फॉरेनची हाय ना. आपल्या उन्हात एक सेन्सर गेला, का बसा मंग जर्मनीची वाट पाहत." त्यानं केबिनकडं हात केला. "उतर रे तनवीर! रडक्या पोरीले कायले तरास देतं!"

यार्डातले हमालही हसले. तनवीर खाली उतरला. कान लाल झाले होते. तो तडक ट्रक क्रेनवर चढला.

हमालांनी तिचे चार पाय बाहेर काढून प्रत्येक पायाखाली जाड लाकडी ठोकळा सरकवला. धूड उचललं गेलं. लांब गेलं. जिथं पहिली थांबली होती, त्याच्याही पुढं, भिंतीपर्यंत. ना घंटी, ना कुरकुर.

जफरची छाती फुगली. "पाहा! याले म्हंते मशीन! चूं नाही का चां नाही. अनंतभाऊ, आपन हीच घेऊन टाकू."

त्यानं वळून पाहिलं. अनंतरावांना ऊन सोसवत नसे. क्रेनच्या मागच्या बाजूला सावलीत एका ठोकळ्यावर ऐसपैस बसून ते रुमालानं वारा घेत होते.

"बैठक बाकी चांगली शोधली," जफर म्हणाला. "ठोकळा कुठून आनला?"

"हा? त्या पायाखालचा आहे. सुटाच होता. ओढला तर आला."

क्रेन भार उचलते तेव्हा त्या चार पायांवर उभी असते. त्यांच्याखालचा ठोकळा चार पहिलवानांनी ओढला तरी हलायला नको. जफरनं वाकून पाहिलं. पाय हवेत लोंबत होता आणि त्याच्या खालून पलीकडचं गवत दिसत होतं.

क्रेन उलटायला निघाली होती. आणि वर केबिनमध्ये तनवीर हसून अंगठा दाखवत होता.

ओरडावं म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पोरगा दचकला, हात जरासा हलला, की संपलं. तो तनवीरला दिसेल असा समोर जाऊन उभा राहिला. चेहऱ्यावर कसंबसं हसू आणलं. हात पुढं करून बोट जमिनीकडं वळवलं आणि हळूहळू गोल फिरवू लागला. खाली घे. सावकाश.

"परत ठेवू का हा?" मागून अनंतरावांनी विचारलं. ठोकळा पोटाशी धरून ते उभे होते. नेमसिंगनं डोळे मिटून घेतले होते.

धूड उतरत उतरत जमिनीला टेकलं. मागचा पाय धप्पकन खाली बसला, तो हादरा सगळ्यांच्या तळपायांना कळला. दोर सैल पडला. जफरचं बोट मात्र फिरतच होतं. शेवटी अनंतरावांनी येऊन तो हात धरला.

मग जफरनं नेमसिंगची कॉलर पकडली. "घंटीची वायर तोडून ठेवली, हरामखोरा? माह्यं पोरगं होतं वर!"

"कसम घ्या भाऊ, म्या हात नाही लावला! घंटी चालू हाय हिची."

"चालू हाय, अब्बा." तनवीर उडी मारून खाली आला होता. त्याला अजून काही कळलं नव्हतं. "वाजाच्या आधीच मी चावी फिरवून बंद केली. तुमी करता तशी."

जफरच्या हातातून कॉलर सुटली.

"काहून?" त्यानं विचारलं.

"काहून म्हंजे?" तनवीर ओशाळून हसला. "मंघा केवढे हासले तुमी. मले वाटलं, आता परत हासान."