चारशे बारावा डबा

डोंगर माणसाला नम्र करतो, असं क्लेम नेहमी सांगायचा. तो स्वतः एकाही डोंगरावर चढलेला नव्हता. चढायची ती त्याची बायको, आयरिस. तो खाली गाडीपाशी थांबायचा.

आज मात्र तो निघाला होता. खिंडीच्या तोंडाशी, कोरड्या ओढ्याच्या काठावर गाडी लावून त्याने बुटांच्या नाड्या दोनदा आवळल्या. पाठीवर चार लिटर पाणी, दोर, साप चावला तर बांधायची पट्टी आणि बटण दाबलं की हेलिकॉप्टर बोलावणारं यंत्र. बाजूला आयरिसची धाकटी बहीण थेल्मा घडीची खुर्ची उघडत होती. दोन दिवसांत तिने तेवीस फाटकं उघडली आणि लावली होती. या मुलखात फाटक उघडायचं काम चालवणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्याचं असतं. चालवणाऱ्याने बोलायचं असतं, हा नियम क्लेमचा.

"दगडावर बावीस, वाळूत सोळा," तो आताही म्हणाला. "टायरमध्ये याच्यावर हवा ठेवायची नाही. लोक ऐकत नाहीत आणि मग टायर फाडून घेतात."

"मी ऐकलंय, क्लेम. वाटेतल्या एमूंनीसुद्धा ऐकलंय."

आयरिसचा खेळ साधा होता. कोणीतरी अनोळखी माणूस रानात डबा लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण हातातलं यंत्र बघत बघत तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे परत ठेवायचा. मिळत काहीच नाही. असे चारशे बारा डबे तिने शोधले होते. प्रत्येक वेळी ती यंत्र घेऊन जायची आणि दोन-अडीच तासांनी परत यायची. तोंड उन्हाने लालबुंद, चेहरा प्रसन्न. "सापडला," एवढंच म्हणायची. तोवर क्लेम गाडीखाली आडवा पडलेला असायचा, नाहीतर गाडीच्या रेडिओवरून, वीस मैलांत जो कोणी ऐकत असेल त्याला, टायरच्या हवेबद्दल चार गोष्टी सांगत असायचा.

तिच्या अंत्यविधीच्या वेळी तो म्हणाला होता, "या रांगांमधलं एकही शिखर तिच्या पायांनी सोडलं नाही." लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

चारशे बारावा डबा इथला. चार वर्षांपूर्वीचा. त्यानंतर तिच्या आजाराने दोघांना घराबाहेर पडू दिलं नाही. आता क्लेमला एकच करायचं होतं: ती चढली तिथे एकदा चढायचं आणि त्या वहीत तिच्या नावाखाली आपलं नाव लिहायचं. गुडघ्यांच्या डॉक्टरने घरातला जिनासुद्धा जपून चढायला सांगितलं होतं.

"आणि अर्ध्यावर गुडघा बसला तर?" थेल्माने विचारलं.

"बसू दे. पण गेलोच नाही, तर मी तिच्याबद्दल नुसता बोललो असं होईल."

थेल्माने विस्तव पेटवून त्यावर चहाचं डबडं ठेवलं. "जा मग. किती वेळ धरू?"

"तिला दोन तास लागायचे. मला चार धर."

आयरिसचं यंत्र त्याने आज पहिल्यांदाच हातात घेतलं. त्यावर डब्यापर्यंतच्या अंतराचा आकडा आला: एकशे दहा मीटर. क्लेमने ते तळहातावर आपटलं. एकशे दहाच. बॅटऱ्या जुन्या झाल्या असणार, असं म्हणत त्याने ओढा ओलांडला. नव्वद. साठ. चढण लागली ती गुडघाभर उंचीची. तिच्यावर एक सपाट खडक होता, खडकावर पाइनची सावली, आणि खडकामागच्या दगडांच्या ढिगात हिरवा पत्र्याचा डबा. दोर अजून खांद्यावरच होता. निघाल्याला पाच मिनिटं झाली होती.

डब्यात प्लास्टिकचा डायनासोर होता, पेन होतं आणि पिशवीत गुंडाळलेली वही. आयरिसचं अक्षर त्याला चौथ्या पानावर सापडलं.

'सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. लगेच सापडला. सुरेख जागा. इथून क्लेम दिसतो, ऐकू येत नाही. असा तो मला फार आवडतो. साडेबारापर्यंत बसते.'

क्लेमने ते दोनदा वाचलं. मग वळून पाहिलं. ओढ्यापलीकडे गाडी दिसत होती. विस्तवाचा धूर सरळ वर जात होता. त्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. ऐकायला कोणी नव्हतं. त्याने तोंड मिटलं.

तो खडकावर बसला. पाइनमधून वारा जात होता. समोरच्या कड्याचा तांबडा रंग हळूहळू बदलत होता आणि ते बघायला बराच वेळ लागत होता. एक छोटा कांगारू आला, त्याच्याकडे बघत राहिला, निघून गेला. क्लेमने त्यालाही काही सांगितलं नाही.

साडेबाराला त्याने तिच्या ओळींखाली लिहिलं, 'क्लेम. सापडला.' टायरबद्दल एक ओळ लिहावी असं क्षणभर वाटलं. त्याने पेनाला टोपण लावलं.

तो परत आला तेव्हा तोंड उन्हाने लालबुंद झालं होतं. थेल्माने मगात चहा ओतून दिला.

"सापडला?"

"सापडला."

"चढ फार होता का रे?"

"फार," क्लेम म्हणाला. "आयरिस होती म्हणून चढली."

"होतीच ती तशी," थेल्मा म्हणाली.

खुर्ची तिने सकाळी मांडली तिथेच होती. तिथून तो खडक अगदी समोर दिसत होता. मध्ये एक झुडूपसुद्धा नव्हतं.