खडखड

“घ्या, ऐका आता,” मेकॅनिक शिडीवरूनच म्हणाला. “येतंय काही ऐकू?”

काहीच येत नव्हतं. खिडकीच्या वर भिंतीत बसवलेला तो जुना एसी गार हवा सोडत होता आणि हूं की चूं करत नव्हता. तक्रार फक्त गार होत नाही एवढीच होती. गॅस गेलाय असं ठोकून न देता मेकॅनिकनं आधी जाळी काढली, तिच्यावरचा धुळीचा थर झाडला, आतली कॉइल धुतली, पाणी जायची नळी फुंकून मोकळी केली. तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण चांगल्या कारागिराला थांबता येत नाही. हातासरशी त्यानं एसीखाली रबराचे तुकडे सरकवले, सगळे स्क्रू आवळले आणि त्या यंत्राची जन्मजात खडखड घालवून टाकली.

“टाचणी पडली तरी ऐकू येईल,” तो खूश होऊन म्हणाला.

नवरा खाटेच्या कडेला बसला होता. तो बस चालवायचा, बूट अजून पायातच होते. बायको चहाचा कप घेऊन दाराशी उभी होती. दोघांचीही नजर मधल्या भिंतीकडे गेली.

मग भिंतीपलीकडून आवाज आला.

“बाळ्या... ए बाळ्या...”

बारीक, चिवट आवाज. घाई नाही, राग नाही. थोडं थांबून पुन्हा, “बाळ्या, ये रे.”

“आजी बोलावतायत,” मेकॅनिक म्हणाला. कुणी हललं नाही, तेव्हा त्याला वाटलं ऐकू गेलं नसेल. “अहो, पलीकडे...”

“आई आहे माझी,” नवरा म्हणाला आणि उठून गेला. गेला तसाच परत आला. दार लावून घेतलं.

“काय म्हणाल्या?”

“बाळ्याला बोलवा म्हणाली.”

“मग बाळ्या कुठं असतो?”

“मीच.”

हसावं की काय करावं मेकॅनिकला कळेना. त्यानं हातातली पकड उगाच पुसली.

सुरुवातीला नवरा प्रत्येक हाकेला जायचा. उशाशी बसायचा, आई मीच गं म्हणायचा, लहानपणच्या खाणाखुणा सांगायचा. ती त्याला अहो-जाहो करायची, बसा म्हणायची, आणि जाताना बाळ्याला तेवढा निरोप द्या म्हणायची. तो उठून आला की हाका पुन्हा सुरू. डॉक्टर बदलून झाले, गोळ्या बदलून झाल्या. मग उन्हाळ्यात कुणाचा तरी वापरलेला हा एसी मिळाला आणि न मागता सोय झाली. त्याच्या खडखडीत दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. दोघं झोपू लागली.

रडू येण्याचे दिवस कधीच मागे पडले होते. आता ती हाक ऐकून नवऱ्याला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही ह्याचंही काही वाटत नव्हतं. झोप तेवढी उडायची.

“बाळ्या...”

“भाऊ,” बायको मेकॅनिकला म्हणाली, “आधीचा आवाज परत करून मिळेल का?”

“कुठला?”

“तो खडखडीचा.”

मेकॅनिकनं पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली होती. एसी लावून रजई पांघरणारी, रिमोटवरचं भांडण त्याच्याकडे सोडवायला आणणारी. आवाज मागून घेणारं हे पहिलंच. “वहिनी, लोक आवाज जावा म्हणून बोलावतात मला.”

“ह्यांना पहाटे बस काढायची असते.” तिनं कप खाली ठेवला. “मध्ये हा एसी बंद होता, तर वळणावर डोळा लागला ह्यांचा. मागं बस भरून माणसं. कंडक्टर ओरडला म्हणून...” तिनं भिंतीकडे बोट केलं. “त्यांचं खाणं, औषध, कपडे बदलणं, सगळं करूनच झोपतो आम्ही. कशात काही कमी नाही ठेवत.”

तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

मेकॅनिकनं नवऱ्याकडे पाहिलं.

“करा,” नवरा म्हणाला.

मेकॅनिक पुन्हा शिडी चढला. रबराचे तुकडे ओढून काढले, स्क्रूला हात घातला. “किती सैल करू?”

ह्याचं माप कुणालाच ठाऊक नव्हतं. नवरा उठून मधल्या भिंतीजवळ जाऊन उभा राहिला. “करत राहा. सांगतो.”

अर्धा फेरा. पत्रा गुणगुणायला लागला.

“बाळ्या...”

“अजून.”

आणखी अर्धा. पत्रा थरथरला. “...ये रे.”

“अजून येतंय,” बायको म्हणाली.

मेकॅनिकनं दुसरा स्क्रूही सैल केला. एसी एकदा अडखळला आणि मग पहिल्यासारखा खडखडू लागला. खोली त्या आवाजानं भरून गेली. दोघंही थोडा वेळ कान देऊन उभी राहिली.

“बास,” नवरा म्हणाला. मग खालून, मोठ्यानं, “गप्प झाली का ती?”

शिडीवरून मेकॅनिकला दारावरच्या काचेतून पलीकडची खाट दिसत होती. म्हातारी दाराकडे तोंड करून बसली होती. केस नीट विंचरलेले, पायांवर धुतलेली चादर. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, थोडं थांबून पुन्हा उघडत होतं.

“हो,” मेकॅनिक म्हणाला. “झाल्या.”