दुसरा स्लॉट

"मेला हा स्लॉट, वहिनी," धनेशनं जाहीर केलं आणि कंबर सरळ केली.

कॉम्प्युटर पुन्हा शिट्ट्या मारून गप्प झाला. मेघालीनं घड्याळाकडं पाहिलं. भिवंडीजवळच्या कोन गावातल्या या घरात बसून ती यंत्रमागवाल्यांसाठी साड्यांची डिझाइनं काढायची. आजवर नुसते काठ केले होते. या वेळी भिवंडीच्या शेठनं अख्खी साडी दिली होती, आणि एवढी मोठी फाईल उघडली की तिचा कॉम्प्युटर मान टाकायचा. "शाम तक नहीं भेजा तो दूसरे को दे दूँगा," असं शेठनं सकाळीच फोनवर सुनावलं होतं.

म्हणून तिनं धनेशला आठ जीबी रॅमची नवी पट्टी आणायला सांगितली. धनेश म्हणजे तिच्या नवऱ्याचा मित्र, कॉम्प्युटरचं दुकान चालवणारा. आतली जुनी पट्टीही आठचीच, त्याच जातीची. सारख्या दोन पट्ट्या असल्या की जोडीनं जोरात चालतात, हे तिनं वाचून, विचारून पक्कं केलं होतं. आणि नेमकी तिथंच माशी शिंकली. नवी पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये घातली की चालायची. दुसऱ्यात घातली की पडदा काळा.

"ही परत नेतो," धनेश म्हणाला. "पहिल्या स्लॉटला सोळाची एकच पट्टी बसवू. पण ती मुंबईहून मागवायला लागंल, परवा येईल. न्हायतर बोर्डच बदला."

परवा! परवापर्यंत ती साडी दुसऱ्या कुणाच्या डिझाइनवर विणायला लागली असती.

दाराशी सासूबाई, कमळाबाई, विळीवर मच्छी साफ करत होत्या. कॉम्प्युटरला त्यांनी कधी नावानं हाक मारली नव्हती. त्यांच्या तोंडी तो कायम 'डबा'.

"मेला तर मेला तो डबा," त्या मान न उचलता म्हणाल्या. "राहनाळच्या गोडावनला बाया घेतात पॅकिंगला. म्हैना झाला का पगार हातान."

मेघालीला असा राग आला म्हणता! सासूचा, स्लॉटचा आणि थोडा स्वतःचाही. गोडावनात पिशव्या बांधण्यापुरतंच का तिचं डोकं होतं?

"मी जोडीच बसवणार," ती म्हणाली. "भावजी, वायर काढा आणि टॉर्च द्या."

"अवो, मी फुंकर मारून बघितलं."

"चूल आहे का ती, फुंकरीनं पेटायला?"

गुडघे टेकून तिनं नाक कॅबिनेटमध्ये खुपसलं. पहिला स्लॉट स्वच्छ होता. दुसऱ्याच्या फटीत मात्र तळाशी काहीतरी घट्ट बसलेलं. तिनं बारीक ब्रशनं हलकेच टोकरलं. लालपिवळी पूड सुटली आणि मागोमाग तांदळाची एक कणी टुणकन बाहेर आली.

"आतमदी भात शिजवता का काय, वहिनी?" धनेश हसत सुटला.

तिनं लक्षच दिलं नाही. स्पिरिटनं फट पुसली, वाळू दिली. पट्टी खटका बसेपर्यंत दाबली. वायर लावून बटण दाबलं.

शिट्टी नाही. पडदा उजळला. सोळा! शेठची साडी काठापासून पदरापर्यंत सरसर उलगडली, आणि मेघाली शेजारपाजारचे डोकावतील अशी ओरडली. उरलेल्या बुट्ट्या भरून तिनं उन्हं असतानाच फाईल पाठवली. शेठचं उत्तर लगेच आलं, "फर्स्ट क्लास. आगे की साड़ियाँ भी आप ही करो."

धनेश चहा पिऊन गेला, तेव्हा कुठं तिनं ती कणी नीट पाहिली. कुंकवानं माखलेली अक्षता. दसऱ्याला मेघाली माहेरी, अंबाडीला होती. मशीन तापतं म्हणून कॅबिनेटचं झाकण तेव्हाही काढलेलंच होतं. आणि घरात पूजा करणारं माणूस एकच.

"आई, दसऱ्याला तुम्ही याला हळद-कुंकू लावलंत?"

कमळाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले. सुनेकडं काही बघितलं नाही.

"लावलं मंग!" त्या गुरकावल्या. "ज्या हत्यारावर घर चालतं, त्याला दसऱ्याला लावतातच. विल्याला लावलं, कोयत्याला लावलं, आन् तुज्या हत्याराला न्हाय लावायचं?"