अभिनवचं पोट का वाजतं

डॉक्टर आपट्यांनी स्टेथोस्कोप अभिनवच्या पोटावर टेकवला आणि लगेच उचलला. त्याची गरजच नव्हती. आवाज बाहेरच्या बाकावर बसलेल्या पेशंटनाही ऐकू जात होता.

टेबलाच्या एका बाजूला अभिनवची आई सुशीलाबाई उभ्या होत्या, दुसऱ्या बाजूला बायको नम्रता. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. सदाशिव पेठेतल्या एकाच इमारतीत सुशीलाबाई पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. लग्न झाल्यावर अभिनव आणि नम्रतानं तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्यानं घेतला. मध्ये दोनच जिने होते. पण सात महिन्यांत ते अंतर वाढत वाढत पार हिंजवडीपर्यंत गेलं होतं.

हिंजवडीला अभिनवचं ऑफिस होतं. परवा सकाळी तिथे अमेरिकेशी फोनवर मीटिंग चालू असताना त्याचं पोट असं गुरगुरलं, की पलीकडच्या साहेबानं तुमच्याकडे कुत्रा पाळलाय का म्हणून विचारलं. रोज रात्री पोट फुगायचं. पँटचं बटण लागेनासं झालं होतं.

सुशीलाबाईंचं निदान घरूनच तयार होतं. बाहेरचं खाणं, दुसरं काय. घरात वेळेवर शिजलं तर पोराला कॅन्टीनमध्ये कशाला जावं लागेल, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. नम्रतानं फक्त एवढंच सुचवलं, की तो येताना आईंकडे चहाला थांबतो, तेव्हा सोबत तळलेलं काही होत असेल. ते तिनं अगदी गोड आवाजात सुचवलं.

डॉक्टरांनी दोघींकडे लक्ष दिलं नाही. सोडा पिता का, च्युइंगम चघळता का, दूध पचतं का, असं त्यांनी अभिनवला विचारलं. अभिनव प्रत्येकाला तसलं काही नाही म्हणाला. मग त्यांनी काल रात्री काय जेवलात म्हणून विचारलं. अभिनव छताच्या पंख्याकडे बघत म्हणाला, की नेहमीचंच.

"नेहमीचं म्हणजे काय, ते मला कसं कळणार? मी आपल्याकडे जेवायला नसतो," डॉक्टर म्हणाले.

उत्तर दोघींनी एकदमच दिलं.

"पिठलं, दोन भाकरी आणि वर भात," सुशीलाबाई म्हणाल्या.

"राजमा आणि चार पोळ्या," नम्रता म्हणाली.

दोघींनी पहिल्यांदाच एकमेकींकडे बघितलं. पोट तेवढं बोलत होतं.

डॉक्टरांनी दोन्ही जेवणं कागदावर एकाखाली एक लिहिली आणि वेळा विचारल्या. पहिलं साडेसातला झालं होतं, दुसरं आठला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अभिनवकडे बघत बसले.

मग अभिनवनं सगळं सांगितलं. कंपनीची बस त्याला सव्वासातला सोडायची. वर राहायला गेल्यावर पहिल्याच दिवशी तो आईकडे सहज डोकावला, तर तिनं ताट वाढून ठेवलेलं. एकट्या बाईला नको कसं म्हणायचं? नम्रताला यायला उशीर होतो, तिला रोज स्वयंपाक जमत नाही, असं तो बोलून गेला आणि जेवला. वर गेला, तर नम्रताही ताटं घेऊन थांबलेली. तिलाही नको म्हणवेना. तेव्हापासून रोज तेच. खाली वेळ लागला तर वर संशय येईल, म्हणून तो आईचं जेवण दहा मिनिटांत न चावता गिळायचा.

असं गिळलं की घासाबरोबर हवाही पोटात जाते, आणि त्यावर लगेच राजमा पडला तर पोट वाजणार नाहीतर काय, असं डॉक्टर म्हणाले. औषध त्यांनी दिलंच नाही. एकदाच जेवा आणि चावून जेवा, मजला कुठला ते घरी ठरवा, एवढंच सांगितलं.

सुशीलाबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. सात महिने त्यांनी सगळ्या नात्यागोत्यात फोनवर सुनेबद्दल काय काय सांगितलं होतं, ते त्यांना एकेक आठवत होतं.

"तू रोज स्वयंपाक करतेस?" त्यांनी नम्रताला विचारलं.

"रोज. मी साडेसहालाच घरी येते, आई."

सुशीलाबाई टेबलाला वळसा घालून नम्रताच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. घरी जाताना दोघी पुढे चालत होत्या आणि अभिनव मागे.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये अभिनवनं हिंजवडीपासून टिळक रोडपर्यंत एकाच वाक्याची तयारी केली. आई, मी आता वरच जेवेन, तुझ्याकडे दर रविवारी. ते वाक्य पाठ करत तो पहिल्या मजल्यावर पोचला. दाराला कुलूप होतं. तो तिसऱ्या मजल्यावर गेला. तिथेही कुलूप होतं, आणि कडीत एक चिठ्ठी खोचलेली होती. अक्षर नम्रताचं, पण खाली सह्या दोघींच्या.

"आम्ही दोघी बाहेर जेवायला गेलो आहोत. तुझं एव्हाना कुठेतरी झालंच असेल."