उबेवरची बॅटरी

भर दुपारी केतकी सहा महिन्यांच्या ओवीला कडेवर घेऊन शेटेकाकांच्या दुकानात आली आणि स्टुलावर मटकन बसली. लाइट गेल्यावर लागणाऱ्या दिव्यासाठी तिला दुसरी बॅटरी हवी होती.

“लिथियमची हलकी, पण महाग. शिशाची धोंड्यासारखी जड, वर दर महिन्याला पाणी घाला,” काका म्हणाले. “पण तुझ्या कमरेला अंगाच्या उबेवर चार्ज होणारा पट्टा आहे की! आणखी काय हवं?”

“घरातच असते म्हणून तो मीच बांधायचा, असं सासूबाईंनी ठरवलंय. ऊब सगळी दिव्याला जाते, काका. मांडीवर घेतलं की पोरगी गारठून रडते. कुणाकडेही झोपते, फक्त माझ्याकडे नाही.”

काकांनी स्वस्तातली शिशाची बॅटरी पुढे सरकवली. “पाणी विसरू नकोस.”

“नाही विसरत. आणि पट्टा आता ह्यांना. कोचावर लोळून तरी काय करतात?”

तिने पट्टा सोडला, ओवीला मांडीवर आडवं घेतलं. ओवी आधी रडलीच. मग हळूहळू हुंदके विरले, ओढणीत मूठ वळून ती झोपली.

“रिक्षा बोलावू?” काकांनी विचारलं.

“नको ना,” केतकी कुजबुजली. “जरा बसू दे इथेच.”