कंबर बत्तीस

पँट कंबरेत चक्क आठ इंच लहान होती. कमलनं टेप परत लावून पाहिला. बत्तीसच. वर्षानुवर्षं नवऱ्याचे कपडे शिवणाऱ्या नंदकुमार टेलरनं तिच्यादेखत त्याची कंबर मोजली होती, ‘चाळीस’ असं मोठ्यानं म्हणून वहीत लिहिलीही होती. एवढं महागाचं पांढरं टेरिकॉट वाया घालवलं म्हणून तिला आधी संताप आला, मग रडूच आलं.

कुंडलिकचं ऑपरेशन उद्यावर आलं होतं. पोटात पार मागच्या बाजूला चरबीची गाठ वाढत होती. लाखात एखाद्याला होते म्हणे. दोन वर्षांत हातापायांच्या काड्या झाल्या आणि पोट तेवढं पुढं आलं. “काम अवघड आहे, खात्री देत नाही,” असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. तरी हा गडी भरती व्हायच्या आधी कापड घेऊन टेलरकडे गेलाच. “गाठ काढून येतो मास्तर, जयंतीला हीच घालणार,” म्हणाला. घाटकोपरच्या त्यांच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पुढचा झेंडा दरवर्षी त्याच्याच हातात असे.

संध्याकाळी खाटेवरून त्यानं विचारलं, “पँट आली का गं?”

“आली. झकास शिवलीय,” कमल म्हणाली. शकुन-अपशकुन तिच्या घरात कुणी मानत नव्हतं. पण ती पँट तिनं ट्रंकेत पार तळाशी दडपली होती.

ऑपरेशन सात तास चाललं. डॉक्टर बाहेर आले ते कपाळ पुसतच. “सात किलोची होती. अख्खी निघाली.” कमल तिथंच बाकावर बसली आणि लोक बघताहेत याची पर्वा न करता पोटभर रडली.

दोन महिन्यांनी, जयंतीच्या सकाळी, कुंडलिकनं नवी पँट मागितली. आता खोटं चालणार नव्हतं. “अहो, मास्तरांनी माप चुकवलंय,” म्हणत तिनं ट्रंक उपसली. त्यानं पँट चढवली, हुक ओढला. लागला. पट्ट्याचीसुद्धा गरज नव्हती.

मिरवणूक टेलरच्या दुकानापाशी आली, तेव्हा नंदकुमार गळ्यात टेप अडकवून पायरीवर उभा होता. झेंडा धरलेल्या कुंडलिकला तो डोळे भरून बघत होता. कमल बायकांच्या रांगेतून बाहेर पडली.

“मास्तर, तुमची चूक बरीच कामाला आली बघा.”

“चूक कसली, वहिनी?” तो म्हणाला. “चाळीस माप त्या गाठीचं होतं. मी पँट कुंडलिकची शिवली.”