शुक्रवारचं इतिवृत्त

रविवारच्या सभेचं इतिवृत्त चिटणीसबाईंनी शुक्रवारीच टाइप करून ठेवलं होतं. एकोणीस वर्षं हीच पद्धत. सभेत काय होणार हे ठाऊक असताना ती होईपर्यंत थांबायचं कशाला?

आत्ता अध्यक्ष बोलत होते. लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत, खालून येणाऱ्या इस्त्रीच्या वाफेत, सम्राटाचा जांभळा झगा अंगावर घेऊन. 'नववा ग्रह' या अंतराळमालिकेच्या चाहत्यांचं हे मंडळ. एका ग्रहावरचे लोक सम्राटाविरुद्ध बंड करतात, अशी ती मालिका. सात पर्वं बंड चाललं आणि सातही पर्वं मंडळाने टाळ्या वाजवल्या. आठव्या पर्वात बंडखोर जिंकले, सम्राटाला खाली उतरवलं आणि निवडणूक लावली. तिथे बिनसलं.

"आपण लढाया बघायला बसतो," डेंटिस्ट म्हणाले. त्यांचं हेल्मेट मांडीवर होतं. "यांनी तीन भाग नुसती मतमोजणी दाखवली. चांगल्या मालिकेत राजकारण घुसडलं."

"सम्राट होता तेव्हा निदान कपडे तरी बरे होते," टेलरमास्तर म्हणाले. मंडळातल्या सगळ्या बंडखोरांचे पोशाख त्यांनीच शिवले होते.

चिटणीसबाईंनी मान डोलावली. हेही इतिवृत्तात होतं, थोड्या बऱ्या भाषेत.

एके काळी मंडळात एकशे चाळीस सभासद होते. आता अकरा उरले होते. बारावी खुर्ची कोपऱ्यात मिटून ठेवली होती. ती चिटणीसबाईंच्या मुलीची. गेल्या वर्षी याच सभेत ती उठून म्हणाली होती, "मामा, मालिकेतल्या सम्राटानेसुद्धा खुर्ची सोडली. तुमचं काय?" अध्यक्ष म्हणजे चिटणीसबाईंचे थोरले भाऊ. पण त्यांच्याऐवजी बाकीचेच बोलले. मंडळात राजकारण आणल्याबद्दल मुलीचं सभासदत्व सर्वानुमते रद्द झालं. सर्वानुमते म्हणजे आईचाही हात वर होता. सवयीने गेला होता. तो कुठे गेलाय हे कळेपर्यंत मुलीने तो पाहिला होता.

तेव्हापासून दोघी एकाच घरात, एकाच वेळी, एकच भाग दोन खोल्यांत बघत. भिंतीपलीकडून तेच संगीत अर्धा सेकंद उशिरा ऐकू येई. भाग संपला की मुलगी आवाज बंद करी आणि दार मिटलेलंच राही.

"...म्हणून म्हणतो, आता मला मोकळं करा," अध्यक्षांनी भाषण संपवलं. दर वर्षी ते असंच संपे.

"छे, छे," सगळे म्हणाले. दर वर्षी ते असंच म्हणत. ठराव क्रमांक तीन: अध्यक्षांनी निवृत्तीची इच्छा व्यक्त केली, सभेने ती प्रेमपूर्वक फेटाळली. एकोणीस वर्षांत त्यातला 'प्रेमपूर्वक' तेवढा नंतर आला होता.

चिटणीसबाईंनी कागद पुढे केले. अध्यक्ष ते घेऊन आतल्या खोलीत गेले. शिक्का तिथल्या कपाटात कुलूपबंद असे. सही-शिक्क्याला पाव तास लागायचा.

"शाई वाळत घातली असेल, खाली लॉन्ड्रीत," डेंटिस्ट म्हणाले. हा विनोदही एकोणीस वर्षांचा होता.

बाईंना हसू आलं नाही. या खेपेला त्यांनी तिसरा ठराव वेगळा टाइप केला होता. सभेने अध्यक्षांची इच्छा मान्य केली. आणि चौथा: काढून टाकलेल्या सभासदाला सन्मानाने परत घेण्यात आलं. सही-शिक्का झालेल्या इतिवृत्तात काना-मात्रा बदलता येत नाही, हा नियम दादानेच दुसऱ्या वर्षी केला होता. आणि दादा काही वाचायचा नाही. त्याने घरातली लग्नपत्रिकासुद्धा कधी वाचली नव्हती, तारीख वहिनीला विचारायचा. भरवसा एवढाच होता, आणि शुक्रवारपासून त्या जेवल्या नव्हत्या.

यंदा अध्यक्ष चार मिनिटांत परत आले. सही होती. शिक्का होता. शाई ओली होती.

"वाचा, चिटणीस."

त्यांनी वाचलं. पहिला ठराव, दुसरा, तिसरा, चौथा, एका सुरात, न थांबता, जसं दर वर्षी वाचत तसं. "सर्वानुमते मंजूर," त्या म्हणाल्या, आणि दहा हात वर गेले. मग त्यांचाही. या वेळी त्यांनी तो स्वतः वर नेला.

हात खाली आल्यावर डेंटिस्टांनी टेलरमास्तरांना विचारलं, "नक्की काय मंजूर झालं हो?"

"आपलं नेहमीचंच असेल," टेलरमास्तर म्हणाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

बाई दादाकडे बघत होत्या. आता ओरडेल. आता कागद फाडेल. पण अध्यक्ष दोन्ही हातांनी गळ्याशी खटपट करत होते. झग्याचं बक्कल इतक्या वर्षांत गंजलं होतं, निघत नव्हतं. शेवटी त्या उठल्या आणि लहानपणी त्याच्या शर्टाचं वरचं बटण काढून देत तसं त्यांनी ते काढून दिलं. झगा खुर्चीवर पडला. आतला शर्ट घामाने भिजला होता.

"दर वर्षी आत बसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, चिमे," दादा त्यांच्या कानाशी म्हणाला. "किती वेळ लावलास."